उजवी की डावी? विलायतेच्या बोटीवरची खोली, एक गाजलेली दंतकथा आणि आपला बिनसमुद्राचा जिल्हा

१/२०
अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही मुंबईहून सुटणाऱ्या पर्यटन-बोटींवर आता नगरचीही माणसे जातात आणि तिकीट काढताना त्यांच्यापुढे तोच जुना प्रश्न उभा राहतो: बाल्कनीची खोली घ्यायची तर बोटीच्या उजव्या अंगाची की डाव्या? या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्याच्याभोवती जगप्रसिद्ध दंतकथाही रचली गेली आहे. ती तपासून पाहणे आणि त्या निमित्ताने बोटीवर सावली कोणाच्या वाट्याला येत होती हे शोधणे, हा या धाग्याचा हेतू.

२/२०
प्रथम दंतकथा. इंग्रजीत उंची, श्रीमंती थाटाच्या वस्तूला ‘पॉश’ म्हणतात. मराठीतही आपण ‘पॉश हॉटेल’, ‘पॉश वस्ती’ असे सहज बोलतो. सांगतात असे की, ब्रिटिश अमदानीत पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीने हिंदुस्थानात येणारे धनिक साहेब येताना डाव्या बाजूची व परतताना उजव्या बाजूची खोली मागत, कारण त्या बाजूला ऊन कमी. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार शब्दांची आद्याक्षरे, म्हणजे पी-ओ-एस-एच, त्यांच्या तिकिटावर उमटवली जात आणि त्यांतून ‘पॉश’ हा शब्द जन्मला.

३/२०
या कथेत दोन स्वतंत्र दावे आहेत. पहिला भूगोलाचा: त्या बाजूच्या खोल्या खरोखरच थंड असत काय? दुसरा इतिहासाचा: शब्द त्यातूनच आला काय? बहुतेक लोक पहिल्याचे उत्तर ‘होय’ आले की दुसरेही सिद्ध झाले असे धरून चालतात. इतिहासाच्या अभ्यासकाने नेमके हेच टाळायचे असते. म्हणून दोन्ही दावे वेगवेगळे तपासू.

४/२०
आधी परिभाषा. बोटीच्या पुढच्या टोकाकडे, म्हणजे नाळेकडे तोंड करून उभे राहिले की उजव्या हाताची बाजू ती स्टारबोर्ड, डाव्या हाताची ती पोर्ट. जुन्या उत्तर युरोपीय नौकांचे सुकाणू म्हणजे मागे उजव्या अंगाला बांधलेले मोठे वल्हे असे. ती सुकाणूची बाजू म्हणून ‘स्टारबोर्ड’. सुकाणू धक्क्यावर आपटू नये म्हणून नौका डाव्या अंगाने बंदराला लावत. डाव्या बाजूचे जुने नाव ‘लारबोर्ड’ होते. पण वादळात ओरडून दिलेल्या हुकमात ते ‘स्टारबोर्ड’सारखे ऐकू येई. म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये ‘पोर्ट’ हाच शब्द अधिकृत केला.

५/२०
आता नकाशा उघडा. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, एडन सुमारे १३ अंशांवर. मुंबईहून विलायतेकडे निघालेली बोट अरबी समुद्रातून पश्चिमेकडे, किंचित नैऋत्येला झुकून जाते. तिची डावी बाजू दक्षिणेला, उजवी उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे डाव्या खोल्या उन्हात व उजव्या सावलीत. शिवाय हिवाळी वारा ईशान्येचा, तोही उजव्या अंगाने येणार. सावली आणि वारा दोन्ही एकाच बाजूला! येताना बोटीचे तोंड फिरते, म्हणून हेच सुख डाव्या बाजूला मिळते.

६/२०
यानंतर तांबडा समुद्र. लांबी दोन हजार किलोमीटरांहून अधिक, वाफेच्या बोटीला तीन-चार दिवसांची वाट, दोन्ही काठांना वाळवंट. एडनहून सुएझकडे जाणारी बोट वायव्य-उत्तरेला चालते. तिची डावी बाजू पश्चिमेकडे म्हणजे मावळतीच्या उन्हात सापडते. दुपारभर तापलेली लोखंडी भिंत रात्री उष्णता आत सोडत राहते. उजव्या खोल्यांना सकाळचे ऊन लागते खरे, पण झोपेच्या वेळेपर्यंत त्या निवलेल्या असतात. परतीला उजवी आणि येताना डावी हा सल्ला येथेही टिकतो.

७/२०
पण उन्हाळ्यात गणित बिघडते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मुंबईच्या अक्षांशावर मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला नसून डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे अरबी समुद्रात उजव्या-डाव्याचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. त्यात नैऋत्य मोसमी वारा विलायतेकडे जाणाऱ्या बोटीच्या जवळपास तोंडावरच येतो. लाटा उसळू लागल्या की खालच्या मजल्यांवरच्या गोल खिडक्या बंद कराव्या लागत आणि मग दोन्ही अंगांच्या खोल्या सारख्याच कोंदट. म्हणजे हा सल्ला बाराही महिने लागू पडणारा नियम नव्हे, तो मुख्यतः हिवाळी हंगामाचा आहे. साहेबलोकांचा हिंदुस्थानात येण्याचा हंगाम मात्र हिवाळ्याचाच असे. भूगोलाचा दावा, एवढी मर्यादा घालून, मान्य.

८/२०
आता शब्दाचा दावा. तशी अक्षरे उमटवलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही आणि पी. अँड ओ. कंपनीच्या दप्तरातही अशा प्रथेचा मागमूस नाही. उलट ‘पॉश’ हा शब्द एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या चोरट्या बोलीत क्षुल्लक नाणे, पैसा या अर्थाने आढळतो. तो मूळचा रोमानी भाषेतील ‘अर्धा’ या अर्थाच्या शब्दावरून आला असावा, असे कोशकार मानतात. १८९० च्या एका बोलीकोशात त्याचा अर्थ ‘छानछोकी माणूस’ असा दिला आहे. ‘झोकदार’ या अर्थाचे विशेषण म्हणून तो पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुळतो.

९/२०
आणि बोटीच्या तिकिटाची कथा? ती छापील रूपात प्रथम दिसते १९३५ मध्ये, लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मधील एका पत्रात. शब्द आधी आणि त्याची कहाणी कित्येक वर्षांनंतर! शिवाय आद्याक्षरे जोडून उच्चारता येईल असा शब्द बनवण्याची रीतही पहिल्या महायुद्धापूर्वी क्वचितच आढळते. १९६८ च्या ‘चिटी चिटी बँग बँग’ या चित्रपटातील एका गाण्याने ही कथा घराघरात पोहोचवली. निष्कर्ष असा: सल्ला शहाणपणाचा, व्युत्पत्ती मात्र मागाहून रचलेली. कथा पटण्यासारखी आहे म्हणून ती घडली असे होत नाही.

१०/२०
दंतकथा बाजूला ठेवली की खरा इतिहास अधिक रंजक दिसू लागतो. बोटीवरची ‘उत्तम खोली’ काळानुसार जागा बदलत गेली. शिडाच्या जहाजांच्या काळात मानाची जागा होती मागच्या टोकाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या मोठ्या जहाजांवर तेथे रुंद खिडक्यांची दालने असत, काहींना मागे सज्जाही असे. आजच्या बाल्कनीचा हा खापरपणजोबा! खोली मात्र रिकामीच मिळे. पलंग, मेज, मुखमार्जनाचे सामान प्रवाशाने स्वतः विकत घेऊन बोटीवर चढवायचे आणि प्रवासाच्या अखेरीस विकून टाकायचे.

११/२०
नगरचा संबंध येथून सुरू होतो. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उभारले. त्याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये अमेरिकेहून शिडाच्या जहाजाने निघून त्या वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस पोहोचल्या आणि १८३९ मध्ये नगरला आल्या. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून येणाऱ्या अशा सफरीला चार-पाच महिने सहज लागत. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले ते नगरला या फरारबाईंकडेच. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासाचा एक धागा असा एका लाकडी जहाजाच्या अरुंद खोलीतून येतो.

१२/२०
मग वाफ आली. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही बोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. एडनपर्यंत कोळसा घेता येईल असे ठिकाण नव्हते आणि बोटीची कोळशाची कोठारे सुमारे साडेपाच दिवसांपुरतीच होती. उपाय एकच उरला. कोळसा सलूनमध्ये आणि प्रवाशांच्या खोल्यांतही भरला गेला! मुंबई-सुएझ मार्गावरच्या पहिल्या वाफेच्या बोटीवर सर्वोत्तम खोल्यांचा मुक्कामी होता दगडी कोळसा. उजवी-डावीचा प्रश्न उद्भवलाच नाही.

१३/२०
१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू होऊन नगर आगगाडीने जोडले गेले. आता नगरचा माणूस दौंडमार्गे मुंबई गाठून थेट विलायतेच्या बोटीत पाऊल ठेवू शकत होता. याच काळात उत्तम खोलीची जागाही हलली. मागच्या टोकाखाली पंख्याचा थरथराट, शिवाय बोट लाटांवर झोपाळ्यासारखी हेलकावते तेव्हा दोन्ही टोके सर्वांत जास्त वरखाली होतात. मध्यभागी हालचाल सर्वांत कमी. व्हाइट स्टार कंपनीच्या ‘ओशनिक’ने १८७१ मध्ये पहिल्या वर्गाचे दालन मध्यभागी आणले आणि पुढे ती रीतच पडली.

१४/२०
हिंदी प्रवाशांसमोर मात्र सावलीहून मोठा प्रश्न होता: अन्न आणि धर्म. समुद्रगमनाला शास्त्राचा निषेध, परतल्यावर प्रायश्चित्ताचा आग्रह. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघालेले तरुण मोहनदास गांधी खोलीतच बसून सोबत आणलेली मिठाई व फळे खात. जेवणघरात जाण्याचा, काटेचमच्यांचा आणि इंग्रजी बोलण्याचा संकोच त्यांनी आत्मकथेत नोंदवला आहे. त्यांच्यासाठी खोली म्हणजे वाऱ्याची जागा नव्हती, आडोसा होता. १८८३ मध्ये विलायतेस गेलेल्या पंडिता रमाबाई किंवा १९०४ मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबरोला निघालेले पारनेरचे पांडुरंग महादेव बापट (पुढे सेनापती बापट), या साऱ्यांच्या पिढीला बोटीत चढण्यापूर्वीच घरादाराशी एक सामना द्यावा लागत होता.

१५/२०
पैसा असला की हाही प्रश्न सुटे. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी जयपूरचे महाराज माधोसिंह दुसरे लंडनला निघाले तेव्हा त्यांनी खोली निवडलीच नाही. ‘ऑलिंपिया’ ही अख्खी बोटच भाड्याने घेतली आणि चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल बरोबर नेले. त्या घागरी आजही जयपूरच्या राजवाड्यात पाहायला मिळतात.

१६/२०
आता १९३१. पी. अँड ओ.ची ‘राजपुताना’ २९ ऑगस्टला मुंबईहून सुटली. १९२५ साली बांधलेली, साडेसोळा हजार टनांची. गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी तिच्यावर दुसऱ्या वर्गाचे प्रवासी होते, कारण त्या बोटीवर त्याहून खालचा वर्ग नव्हता. सहकाऱ्यांनी वाजवीपेक्षा जास्त सामान घेतले म्हणून ते रागावले आणि एडनहून सात पेट्या परत धाडण्यात आल्या. त्यांचा बराचसा वेळ खोलीत नव्हे, उघड्या डेकवर जाई. त्याच बोटीवर नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा आपल्या पहिल्या पाश्चात्त्य प्रवासाला निघाले होते. १० जुलै १९२५ पासून त्यांचे मौन होते. अक्षरफलकावर बोट फिरवून ते संवाद करीत. बोटीवर दोघांची भेटही झाली. एकाने मोकळा डेक पत्करला, दुसऱ्याने बंद खोलीतले मौन. तीच ‘राजपुताना’ दुसऱ्या महायुद्धात सशस्त्र नौका बनली आणि एप्रिल १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीच्या पाणतीराने आइसलंडजवळच्या समुद्रात बुडाली.

१७/२०
पण निवड ज्यांच्या हाती नव्हती त्यांचे काय? नगरच्या इतिहासात त्यांचीही गणना करावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील युद्धात पकडलेले बोअर कैदी बोटींतून हिंदुस्थानात आणले गेले आणि त्यांपैकी अनेकांना १९०१ पासून नगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. पहिल्या महायुद्धात नगर हे जर्मन व ऑस्ट्रियन नजरबंदांचे मोठे ठाणे झाले. समुद्र ओलांडून नगरला आलेल्यांत असे हजारो लोक होते. त्यांना खोलीची बाजू कोणी विचारली नसणार, हे उघड आहे.

१८/२०
आणि त्याच आलिशान बोटीच्या पोटात राबणारे आपले खलाशी? सारंग, तांडेल, लास्कर, भट्टीपुढचे आगवाले, जेवणघरातले गोवेकर वाढपी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश कायद्याने खलाशाला निजण्या-राहण्यासाठी किमान ७२ घनफूट जागा ठरवून दिली होती. हिंदुस्थानी कायद्यातील मोजमाप होते ३६ घनफूट, म्हणजे बरोबर निम्मे. पी. अँड ओ. कंपनी आणि ब्रिटिश सरकारी खाते यांच्यात यावरून वादही झाला. गंमत पाहा: ज्या शब्दाचे मूळ ‘अर्धा’ असे सांगतात त्याची खोटी कहाणी जगाला पाठ आहे आणि ही अर्ध्या जागेची खरी कहाणी फारशी कोणाला ठाऊक नाही. तांबड्या समुद्रात कोणत्या बाजूला सावली हा वाद वरच्या मजल्यावर चालत असताना खाली भट्टीपुढे दोन्ही बाजू सारख्याच होत्या.

१९/२०
बाल्कनीचे काय झाले? बिबी कंपनीच्या रंगूनकडे जाणाऱ्या बोटींवर आतल्या खोलीलाही एका अरुंद बोळाने समुद्राकडची खिडकी देण्याची युक्ती निघाली. तिला ‘बिबी केबिन’ असेच नाव पडले. १९१२ च्या ‘टायटॅनिक’वर अवघ्या दोन दालनांना स्वतःचा सुमारे ५० फुटांचा खासगी सज्जा होता. १९८४ च्या ‘रॉयल प्रिन्सेस’वर सगळ्याच खोल्या समुद्राकडच्या आणि त्यांतल्या अनेक बाल्कनीच्या झाल्या. तेथून बाल्कनी राजेरजवाड्यांची न राहता मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. दरम्यान वातानुकूलनाने सावलीची गरज संपवली, विमानाने बोटीचे प्रवासी पळवले आणि १९६७ ते १९७५ सुएझ कालवा बंद राहिल्याने उरलासुरला मार्गही मोडला. पूर्वी खोली निवडत ती ऊन टाळण्यासाठी, आज निवडतात ती सूर्यास्त पाहण्यासाठी.

२०/२०
तर मुंबईहून गोव्याला बोटीने निघणाऱ्या नगरकराने काय करावे? बोट दक्षिणेकडे जाते, म्हणजे डावीकडे किनारा व पूर्व, उजवीकडे खुला समुद्र व पश्चिम. सूर्यास्त हवा तर जाताना उजवी, येताना डावी. दुपारची सावली हवी तर नेमके उलट: जाताना डावी, येताना उजवी, म्हणजे दंतकथेतले पी-ओ-एस-एच जसेच्या तसे! प्रवास रात्रीचा असेल तर हा वादच फोल. बोट लागण्याचा त्रास असेल तर बाजू सोडा, मजला पाहा: बाल्कनी मिळेल तितक्या खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यभागची खोली घ्या. हा १८७१ चा धडा अजून खरा आहे.

आणि अभ्यासकासाठी धडा एवढाच. ‘असे असू शकते’ आणि ‘असे होते’ यांच्यामध्ये एका तिकिटाचे अंतर असते. ते तिकीट हाती येईपर्यंत कथा कितीही गोड असली तरी ती कथाच. आपल्या घरातील एखाद्या जुन्या ट्रंकेत कोणा पूर्वजाचे बोटीचे तिकीट, सामानावरची चिठ्ठी किंवा प्रवाशांची छापील यादी पडली असेल तर ती रद्दीत घालू नका. कोणत्या वर्गात, कोणत्या मजल्यावर आणि कोणाच्या शेजारी तो माणूस समुद्र ओलांडून गेला, हे सांगणारा दुसरा साक्षीदार कदाचित आता उरलेला नसेल.